इंजिनाला देव्हारा, कागदाला रद्दीवाला

आमच्याकडे एखादी वस्तु एकदां पूज्य ठरली म्हणजे तिच्याविषयीं कांहीं जाणून घेण्याची जबाबदारी संपते. जुन्या वाफेच्या इंजिनांचें सध्यां असेंच झालें आहे. मोठ्या स्टेशनाच्या दाराशीं एक चौथरा बांधावा, त्यावर निवृत्त झालेलें इंजिन चढवावें, त्याला काळा रंग द्यावा, भोंवतीं सांखळी लावावी, आणि घरोघरच्या मंडळींनीं मुलांना पुढें उभें करून फोटो काढावेत. इतकें झालें कीं रेल्वेचा वारसा जपला गेला, असें सर्वांना वाटूं लागतें. या चौथऱ्यांशीं आमचें भांडण नाहीं. लोखंड भट्टींत जाण्यापेक्षां चौथऱ्यावर राहिलेलें केव्हांही बरें. परंतु हें इंजिन कोठें बांधलें, तें कोणत्या गाड्या ओढीत असे, त्याचा मूळचा रंग कोणता, त्याच्यामागील डब्यांना खिडक्या किती, असे चार प्रश्न त्या चौथऱ्यापाशीं कोणीं विचारले, तर त्यांचें उत्तर लोखंड देत नाहीं. तें उत्तर कागद देतो. आणि कागद आपण विकून बसलों आहों.

हा आरोप आम्ही ऐकीव माहितीवर करीत नाहीं. रेल्वेच्या कारखान्यांत नकाशे काढण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, असे एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे होते. त्यांच्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक त्यांनीं आम्हांला एकदां उघडून दाखविली होती. तींत डब्यांच्या निळ्या नकाशांच्या घड्या होत्या, नोकरांपुरतीं छापलेलीं वेळापत्रकें होतीं, आणि एका जाड पुठ्ठ्याच्या वहींत त्यांनीं स्वतः घेतलेलीं मापें सुवाच्य अक्षरांत टिपलेलीं होतीं. "माझ्यामागें हें तुम्ही न्या," असें ते म्हणाले, आणि आम्हीं संकोचानें विषय बदलला. ते वारल्यावर, तेरावा उलटून गेल्यानंतर, आम्ही त्यांच्या घरीं समाचाराला गेलों. चिरंजीवांनीं चहा दिला, वडिलांच्या आठवणी सांगितल्या, आणि आमच्या विचारण्यावरून ट्रंकही दाखविली. ती धुऊन पुसून ठेवलेली होती. तींत थंडीचे कपडे भरावयाचे होते. कागद रद्दींत गेले होते, आणि वहीचे पुठ्ठे जाड असल्यामुळें वजन बरें भरलें, हेंही त्यांनीं निष्कपटपणें सांगितलें. हा मुलगा कृतघ्न नव्हता. त्यानें वडिलांचा मोठा फोटो चंदनाच्या हारासह दिवाणखान्यांत लावला होता. फोटोंतील माणसानें आयुष्यभर जें केलें, तें मात्र तागडींतून गेलें होतें. चौथऱ्यावरचें इंजिन आणि भिंतीवरचा तो फोटो यांत आम्हांला तरी फरक दिसत नाहीं.

यावर जो आक्षेप येतो तो आम्हांला पाठ आहे. "अहो, शेवटीं तुम्हांला करावयाची ती आगगाडीची छोटी प्रतिकृतिच ना? तें तर मोठ्या माणसांचें खेळणें. त्याला 'संशोधन' हें भारदस्त नांव कशाला?" आक्षेप घेणारांनीं खेळणें आणि प्रतिकृति यांतील भेद लक्षांत घेतलेला नाहीं. खेळणें चाललें म्हणजे पुरे. प्रतिकृति खरी असावी लागते. आणि खरी म्हणजे कोणत्या तरी एका सालची, एका ठिकाणची, एका गाडीची. हा 'एक' निश्चित करावयास बसलें, कीं हौशी मनुष्य मुकाट्यानें इतिहासाचा विद्यार्थी होतो.

दख्खनच्या राणीचेंच उदाहरण घेऊं. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत या गाडीविषयीं जिव्हाळा नसलेला मनुष्य विरळा. ती १ जून १९३० रोजीं विजेच्या इंजिनामागें धांवूं लागली. तेव्हां सात सात डब्यांचे तिचे दोन संच होते. एकाचा रंग रुपेरी व त्यावर लाल पट्ट्या, दुसऱ्याचा गडद निळा व त्यावर सोनेरी रेषा. डब्यांचे खालचे सांगाडे विलायतेंत तयार झाले, आणि वरची बांधणी जी. आय. पी. रेल्वेच्या माटुंगा येथील कारखान्यांत झाली. आरंभीं या गाडीस पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ पासून जुना पहिला वर्ग गेला व दुसऱ्यालाच पहिला हें नांव मिळालें. तिसऱ्या वर्गाचा प्रवेश झाला तो जून १९५५ मध्यें. आणि १९६६ मध्यें मूळचे डबे जाऊन पेरांबूरचे पोलादी डबे आले. म्हणजे ज्या गाडीला आपण एका नांवानें ओळखतों, ती वस्तुतः चारपांच गाड्यांची मालिका आहे. निळ्या संचाच्या डब्यावर तिसऱ्या वर्गाचा आंकडा रंगविणारा मनुष्य कौशल्यानें कितीही निपुण असो, त्यानें जी गाडी केली ती १९३० ची नव्हे.

कोणी म्हणेल, फोटो आहेत ना? आहेत, परंतु ते काळेपांढरे. त्यांतून रुपेरी कोणता आणि निळा कोणता एवढें कळेल. निळ्याची छटा कळणार नाहीं. शिवाय फोटोही फसवितो. विलायतेंतील इंजिनांचे कारखानदार नवें इंजिन बाहेर काढतांना पुष्कळदां तें केवळ फोटोपुरतें करड्या रंगानें रंगवीत, कारण त्या रंगावर बारीकसारीक भाग स्वच्छ उमटत. तो रंग त्या इंजिनानें रुळावर एक दिवसही मिरविला नसेल. फोटोवर विसंबणारा येथें हटकून ठेंचाळतो. रंगकामाचा कागद वाचणारा ठेंचाळत नाहीं.

मापांची गोष्ट याहून बोलकी आहे. या छंदांत सर्वांत प्रचलित प्रमाण १ ला ८७ हें आहे, आणि त्या प्रमाणाचा बाजारांत मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो. कारण तो युरोप-अमेरिकेंतील १,४३५ मिलिमीटरच्या रुळावरून घेतलेला आहे. आपला मोठा रूळ १,६७६ मिलिमीटरचा. त्याच प्रमाणानें तो १९.३ मिलिमीटर होतो. पावणेतीन मिलिमीटरची ही तफावत कोणाला क्षुल्लक वाटेल. पण प्रत्यक्षांत ती साडेनऊ इंचांची आहे, आणि त्या साडेनऊ इंचांतच आपल्या गाडीचें ऐसपैस रूप सांठविलेलें आहे. परदेशीं डबा विकत घेऊन त्याला आपल्याकडील रंग फांसणें म्हणजे साहेबाला पगडी घालून त्याला पेशवा म्हणण्यासारखें आहे. तें टाळावयाचें तर डब्याची लांबी, रुंदी, चाकांचें अंतर, छपराचा बांक हें सर्व सांगणारा नकाशा पाहिजे; आणि तो नकाशा कोणाच्या तरी माळ्यावर आहे, किंवा काल-परवांपर्यंत होता.

बोरघाटाकडे पाहा. १८६३ मध्यें खुला झालेला हा चढ पावणेसोळा मैलांचा, उंची १,८३१ फूट, कमाल उतार ३७ फुटांस १ फूट, आणि वाटेंत २५ बोगदे. चढ एका दमांत साधेना, म्हणून वाटेंत गाडी उलटविण्याचें स्टेशन होतें. गाडी आंत शिरे, इंजिन सुटून दुसऱ्या टोंकाला लागे, आणि आलेल्या दिशेच्या उलट तोंडानें गाडी पुढें निघे. १९२९ मध्यें नवा मार्ग झाला आणि तें स्टेशन इतिहासजमा झालें. आतां १ ला ८७ या प्रमाणानें हा संबंध घाट करावयाचा म्हटलें, तर सुमारें २९० मीटर लांब जागा लागेल आणि गाडी दुमजली घराएवढी उंच चढेल. अर्थात् हौशी माणसाला त्यांतला एक तुकडा निवडावा लागतो. आणि कोणता तुकडा घेतला असतां घाटाचें मर्म हातीं येईल, हें चढउताराचा आलेख, स्टेशनचा नकाशा आणि त्या काळचे गाड्या चालविण्याचे नियम एकत्र ठेवल्याखेरीज ठरत नाहीं. पहिल्या आगगाडीच्या साहेब, सिंध व सुलतान या तिन्ही इंजिनांचीं नांवें आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. त्यांच्या चाकांचा व्यास किती, हा प्रश्न आजवर आमच्यापुढें एकाही मुलानें ठेवला नाहीं. नांवें घोकण्याला आपण इतिहास समजतों, आणि मापें घेण्याला खेळ!

परंतु या विषयांतली खरी लाज बार्शी लाइनीच्या प्रकरणांत आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरानें १८९७ मध्यें बार्शी रोड, म्हणजे आजचें कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळाची गाडी सुरू केली. एका आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, म्हणजे रूळ हलका व स्वस्त राहतो, आणि तरीही डबे प्रशस्त ठेवतां येतात, हें त्यानें येथें सिद्ध करून दाखविलें. पुढें ही लाइन पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिनें पांडुरंगाच्या दर्शनाला नेल्या. येथला अनुभव घेऊनच कॅल्थ्रॉपनें इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांत लीक अँड मॅनिफोल्ड नांवाची त्याच अडीच फुटी रुळाची लाइन उभारण्यांत भाग घेतला. ती १९०४ मध्यें सुरू झाली, सव्वाआठ मैल चालली, तिला अवघीं दोन इंजिनें, आणि १९३४ मध्यें ती बंदही पडली. आज तिच्या जागेवर पायवाट आहे. पण या सव्वाआठ मैलांवर तिकडे पुस्तकें झालीं, तिच्या इंजिनांचे व डब्यांचे नकाशे छापून निघाले, आणि हौशी लोकांनीं तिच्या प्रतिकृति कौतुकानें केल्या. लेकीचें एवढें कोडकौतुक. आणि आई कोण? आमची बार्शी! ती १९५४ मध्यें सरकारी झाली, आणि या शतकाच्या आरंभीं टप्प्याटप्प्यानें तिचा अडीच फुटी रूळ उखडून मोठा रूळ आला. मोठा रूळ आला याचें दुःख कोणी करूं नये. सोलापूर-लातूरच्या शेतकऱ्याला तो हवाच होता. दुःख याचें कीं, जुनी गाडी गेली तेव्हां तिच्या शेवटच्या प्रवासाचे फोटो काढावयास गर्दी झाली, आणि तिच्या स्टेशनांतले कागद कोणत्या कोपऱ्यांत पडले आहेत हें विचारण्याची आठवण फार थोड्यांना राहिली. गंमत अशी कीं, १ ला ८७ या प्रमाणानें अडीच फुटी रूळ पावणेनऊ मिलिमीटरचा होतो, आणि ९ मिलिमीटरचा रूळ बाजारांत तयार मिळतो. मोठ्या रुळाची अडचण येथें नाहीं. रूळ हजर आहे. गैरहजर आहे तो कागद.

"सरकारनें कांहीं केलें पाहिजे," हें आमच्या समाजाचें ठरलेलें उत्तर येथेंही ऐकूं येतें. सरकारनें कायदा केला आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानें १८९२ पूर्वींचा सरकारी कागद, तो अगदींच जीर्ण होऊन निकामी झाला नसेल तर, नष्ट करण्यास मनाई आहे. उत्तम! पण १८९७ ची बार्शी आणि १९३० ची दख्खनची राणी यांचे जन्म त्या सालानंतरचे. त्यांचा कागद ठरलेल्या रीतीनें तपासून निकालांत काढतां येतो. आणि तपासणाराला डब्याच्या छपराच्या नकाशाचें महत्त्व वाटलें नाहीं, तर त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा? शिवाय सरकारी दप्तरखान्यांत उतरतो तो मोठा कागद. मुंबईच्या राज्य दप्तरखान्यांत काय, किंवा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या संग्रहांत काय, कंपन्यांचे करार, खर्चाचे अंदाज, इंजिनिअरांचे अहवाल हें सर्व मिळतें. गार्डच्या डब्याला दिवा कोठें टांगीत, फलाटावरची पाटी कोणत्या लिपींत वर व कोणत्या लिपींत खालीं, हें सांगणारा लहान कागद तेथें क्वचितच पोंचतो. तो ड्रायव्हरच्या, स्टेशनमास्तरच्या, नकाशे काढणाराच्या घरीं असतो. म्हणजे तो आमच्या वाचकांच्याच घरीं असतो. त्याला कायद्याचें संरक्षण नाहीं. त्याला संरक्षण फक्त घरच्या माणसाच्या बुद्धीचें.

येथपर्यंत आमच्या संग्राहक मित्रांनीं माना डोलावल्या असतील. त्यांच्याविषयींही दोन शब्द बोलणें भाग आहे. रद्दीवाला कागद एकदां नेतो. संग्राहक तो रोज नेतो, असें म्हणण्याची पाळी कित्येकांनीं आणली आहे. दुर्मिळ वेळापत्रक मिळालें कीं तें कुलपांत घालावें, दुसऱ्याला त्याचें मुखपृष्ठ तेवढें दाखवावें, आणि आंतलें पान मागितलें कीं विषय बदलावा, ही वृत्ति आम्हीं अनेकांच्या ठिकाणीं पाहिली आहे. कोणी नकाशाचा सुंदर कोपरा कापून चौकटींत बसवितो. कोणी फाटक्या कडेला चिकटपट्टी लावून शाई कायमची बिघडवितो. कोणी ट्रंकेंतले कागद किंमतीप्रमाणें वेगळे करून चार ठिकाणीं विकतो, आणि ते एका माणसाच्या नोकरीचे कागद होते ही मोलाची गोष्ट त्या विक्रींत नाहींशी होते. असा संग्रह म्हणजे कृपणाचें धन.

संग्रहाचे नियम फार कठीण नाहींत. कागद कोठून, कोणाकडून, केव्हां मिळाला, हें प्रथम वेगळ्या चिठ्ठीवर लिहावें. एकत्र सांपडलेले कागद एकत्रच ठेवावेत. निळा नकाशा उजेडांत टांगूं नये, तो फिकटतो. आणि क्षारयुक्त कागदाच्या वेष्टनांतही ठेवूं नये, कारण त्याची निळाई क्षारानें मरते. नकाशावर पट्टी ठेवून माप काढण्यापूर्वीं त्यावर लिहिलेला आंकडा वाचावा. कागद आकुंचन पावतो, आंकडा पावत नाहीं. लोकांसाठीं छापलेल्या वेळापत्रकापेक्षां नोकरांसाठीं छापलेल्या वेळापत्रकाला अधिक जपावें. पहिल्यांत उतारूंच्या गाड्या असतात, दुसऱ्यांत मालगाड्या, वेगाच्या मर्यादा आणि कोणत्या गाडीनें कोणासाठीं थांबावें हेंही असतें. आणि सर्वांत महत्त्वाचें, प्रत्येक कागदाची छायाप्रत करून ती मागणाराला द्यावी. प्रत दिल्यानें मूळ कागद लहान होत नाहीं. अमेरिकेंत १९३५ मध्यें अशा हौशी मंडळींनीं मिलवॉकी शहरीं आपली राष्ट्रीय संस्था स्थापिली. इंग्लंडांत १९५० मध्यें खास ऐतिहासिक प्रतिकृतींसाठीं दुसरी निघाली. एकमेकांना कागद दाखविल्यानें कोणाचें दिवाळें निघालें नाहीं. उलट लोकांच्या हातीं विश्वसनीय नकाशे आले. पुण्यांत कोथरूड येथें १९९८ पासून लघुरूप रेल्वेचें संग्रहालय लोकांसाठीं खुलें आहे. तेथें गर्दी करणारीं कुटुंबें आपल्या माळ्यावरची एक घडी उलगडतील, तर आम्हांला दुसरें कांहीं मागावयाचें नाहीं.

आमच्या पक्षाचा एक दुबळेपणा आम्हीच सांगून टाकतों. कागदही खोटें बोलतो. वेळापत्रकांत गाडी केव्हां यावी तें असतें, ती केव्हां आली तें नसतें. नकाशांत डबा कसा असावा तें असतें, कारखान्यांतल्या सुतारानें ऐन वेळीं काय बदललें तें नसतें. मग कागदाचा एवढा सोस कशाला? त्याचें उत्तर हेंच कीं, कागदाची परीक्षा प्रतिकृतिच करते. नकाशाप्रमाणें डबा जोडावयास बसलें आणि दार उघडतांना पायरीवर आदळूं लागलें, कीं तेथें चूक आपली कीं नकाशाची, हा प्रश्न उभा राहतो. मग दुसरा नकाशा, तिसरा फोटो, एखाद्या म्हाताऱ्या फिटरची आठवण यांची गांठ घालावी लागते. पुस्तकावर पुस्तक रचणाऱ्या इतिहासकाराला अशी अडचण क्वचितच येते. त्याचें दार कधीं आदळत नाहीं. ज्याला आपण खेळणें म्हणून हिणवितों, त्याच्याइतका चिकित्सक वाचक या कागदांना दुसरा मिळणार नाहीं.

पूर्वींचे लोक आपल्याहून शहाणे होते, असें म्हणण्याची आमची रीत नाहीं. पण ठाण्यापर्यंत गाडी धांवली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं, आणि १८५४ मध्यें कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचें लोखंडी रस्त्यांचें संक्षिप्त वर्णन मराठींत छापून निघालें. ज्यांच्या घरांत अजून घड्याळही नव्हतें, अशा वाचकांसाठीं एका शास्त्र्यानें तें केलें. कारण नवी वस्तु नुसती पाहून नमस्कार करण्याची नाहीं, ती समजून घ्यावयाची आहे, हें त्याला कळलें होतें. आपल्या घरांत घड्याळें पुष्कळ झालीं. समजून घेण्याची इच्छा तेवढी चौथऱ्यावर चढवून आपण भोंवतीं सांखळी लावली आहे.

येत्या दिवाळीला घरोघर माळे उतरतील आणि दारांत रद्दीवाल्याची हांक येईल. ज्या घरांतले आजोबा, काका किंवा मामा रेल्वेंत होते, त्या घरच्या मंडळींना आमची एवढीच विनंति आहे कीं, तागडी लागण्यापूर्वीं ती ट्रंक एकदां स्वतःच्या हातानें उघडावी. तींतलें कांहींही कळलें नाहीं तरी चालेल. कोणाच्या हातचें, कोणत्या गांवचें, कोणत्या सालचें, एवढी एक चिठ्ठी लिहून ती पुन्हां मिटावी. ज्याला कळेल असा मनुष्य आज ना उद्यां दारांत येईल. त्या वेळीं त्याला रिकामी ट्रंक आणि चहा मिळूं नये.